रोप आणि माती : फुटबॉलचा प्रशिक्षक निवडताना



पाचगणीच्या परिसरात लावल्या जाणाऱ्या स्ट्रॉबेरीची मातृरोपं परदेशातून येतात. खाली वाईकडच्या रोपवाटिकांत ती वाढवतात आणि पावसाळा सरला की त्यांची रोपं वर घाटमाथ्यावर लावतात. नवी जात घेताना इथला शेतकरी ‘तिकडं या जातीनं किती फळ दिलं’ एवढ्यावर भागवत नाही. इथली थंडी, इथलं धुकं, इथली तांबडी माती तिला मानवेल का, हे तो आधी बघतो. व्यावसायिक फुटबॉल क्लब मुख्य प्रशिक्षक नेमतात तेव्हा मात्र बहुतेक वेळा पहिल्याच प्रश्नावर थांबतात. यानं कुठं काय जिंकलं, हे विचारतात आणि करारावर सही करून मोकळे होतात. माझं म्हणणं असं, की प्रशिक्षकाचं यश त्याच्या एकट्याचं कधीच नसतं. ते त्याचं आणि त्याला मिळालेल्या संघाचं, पैशाचं, सवडीचं मिळून असतं. म्हणून माणूस आणि काम यांचा मेळ बघायला हवा, आणि तो बघायचा तर क्लबला आधी स्वतःची माती ओळखावी लागते.

पुरावा आपल्या पुण्यातच आहे. अँटोनियो लोपेझ हबास यांनी 2014 साली इंडियन सुपर लीगचं पहिलंच विजेतेपद कोलकात्याला मिळवून दिलं. 2016 साली ते बालेवाडीत खेळणाऱ्या एफसी पुणे सिटीकडे आले आणि संघ उपांत्य फेरीपर्यंतही पोहोचला नाही. पुढच्या हंगामात रँको पोपोविच यांच्या हाताखाली पुणे पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेलं. मग हबास यांची विद्या संपली होती का? तसं म्हणावं तर 2019-20 मध्ये त्यांनी कोलकात्याला पुन्हा विजेतं केलं आणि 2024 साली मोहन बागानला लीग शील्ड, म्हणजे साखळीत अव्वल ठरल्याचा मान, जिंकून दिली. मानोलो मार्केझ यांचंही तसंच. पुणे सिटी बंद पडल्यावर तिची जागा हैदराबाद एफसीनं घेतली. त्या संघाला त्यांनी 2021-22 मध्ये विजेता केलं. पुढं एफसी गोवा सांभाळत असतानाच त्यांना राष्ट्रीय संघही दिला गेला, आणि तिथं आठ सामन्यांत एकच विजय हाती लागला. क्लबच्या प्रशिक्षकाला खेळाडू रोज मैदानावर मिळतात, तर राष्ट्रीय प्रशिक्षकाला वर्षातून काही मोजके दिवस. सरावातून संघ हळूहळू घडवणाऱ्या माणसाकडून सरावाचे दिवसच काढून घेतले, तर त्याच्या हातात उरतं काय?

उलट बाजूचं उदाहरण मुंबईचं. खालिद जमील यांनी 2009 पासून सात वर्षं मुंबई एफसीला आय-लीग या तेव्हाच्या अव्वल राष्ट्रीय स्पर्धेत टिकवून धरलं. करंडक एकही नाही, त्यामुळे कागदावर ही कामगिरी सामान्यच दिसते. 2016 साली ते बाहेर पडले. पुढच्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन खालच्या श्रेणीत घसरली. त्याच हंगामात खालिद मिझोरमच्या आयझॉल एफसीचे प्रशिक्षक होते. आदल्या वर्षी हा क्लब खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता आणि गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून परत आत आला होता. त्या आयझॉलनं 37 गुण मिळवून, 36 गुणांच्या मोहन बागानला मागं टाकून आय-लीग जिंकली. जयेश राणे आणि आशुतोष मेहता ही मुंबईची मुलं त्या संघात होती. थोडक्या पैशात संघ तरता ठेवणं ही केवढी कमाई होती, हे मुंबईला ती गमावल्यावर कळलं. करंडक मोजणाऱ्याला ही कमाई दिसत नाही. मिळालेल्या साधनांच्या मानानं संघ कुठं पोहोचला हे मोजणाऱ्यालाच ती दिसते.

यावर चोखंदळ श्रोता म्हणेल, मेळ बसला की नाही हे निकाल लागल्यावर कुणीही सांगेल, नेमणुकीआधी ते ओळखायचं कसं? आक्षेप रास्त आहे. पण बरंच काही आधी तपासता येतं. एएफसी म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचं प्रो लायसन्स ही झाली नुसती पायरी, ते तर बहुतेक उमेदवारांकडे असतं. त्याच्या हाताखाली कोणते खेळाडू सुधारले, किती नवी पोरं वरच्या संघात आली आणि तो गेल्यावर ते खेळाडू कसे खेळले, हे नोंदींवरून समजतं. त्याच्या संघाचा पगारावरचा खर्च आणि गुणतक्त्यातलं स्थान शेजारी शेजारी मांडून बघावं. मुलाखतीत गप्पा मारण्यापेक्षा त्याला आपल्याच संघाचे दोन हरलेले सामने दाखवावेत आणि बचावफळीचं काय चुकलं ते विचारावं. एक दिवस सराव घ्यायला लावावा. ज्यांना त्यानं संघाबाहेर बसवलं, त्या खेळाडूंशी बोलावं. बाहेर बसलेला खेळाडूही ज्याच्याबद्दल नीट बोलतो, त्याच्या ड्रेसिंग रूममध्ये फाटाफूट होण्याची भीती कमी.

दुसरा आक्षेप मोठ्या नावांचा. नामवंत खेळाडू प्रशिक्षक झाला की तिकिटं खपतात आणि खेळाडू त्याचा शब्द झेलतात, असं सांगितलं जातं. मार्को मातेराझी यांनी 2015 साली चेन्नईला विजेतेपद मिळवून दिलं, हे खरंच आहे. पण पुढच्या वर्षी तेच मातेराझी असताना चेन्नई आठ संघांत सातवी आली. त्याच 2015 मध्ये सुपर लीगमधल्या मुंबई सिटीनं निकोलस अनेल्का यांना खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिका दिल्या, आणि संघाला उपांत्य फेरीही लाभली नाही. नाव वाईट नसतं, पण नावावरून पुढचा अंदाज बांधता येत नाही. भारतीय फुटबॉलला 1951 आणि 1962 ची आशियाई सुवर्णपदकं मिळाली, 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथं स्थान मिळालं, ते सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली. ते मुळात शाळामास्तर होते. शिकवण्याची कला ही खेळण्याच्या कलेहून वेगळी असते, हे पाचगणीसारख्या शाळांच्या गावाला वेगळं सांगायला नको.

तिसरा आक्षेप घाईचा. संघ हरतोय, मेळ बघायला वेळ कुणाला आहे, आधी प्रशिक्षक बदला! बास तेर वेल या डच अर्थतज्ज्ञानं 1986 ते 2004 या काळातले नेदरलँड्सचे सामने तपासले. प्रशिक्षक हाकलल्यावर संघ सावरतो, हे त्यांना दिसलं. पण तशाच पडत्या काळात प्रशिक्षक न बदललेले संघही तेवढेच सावरले होते. ताप उतरायच्या वेळी दिलेल्या अंगाऱ्याला श्रेय मिळतं, त्यातलाच हा प्रकार.

क्लबनं स्वतःला ओळखलं की काय होतं, ते मुंबई सिटीत दिसलं. 2019 साली सिटी फुटबॉल ग्रुपनं या क्लबचा 65 टक्के हिस्सा घेतला. चेंडू ताब्यात ठेवून आक्रमक खेळायचं ही त्या समूहाची ठरलेली पद्धत. गोव्यात तसाच खेळ घडवलेले सर्जिओ लोबेरा आले आणि 2020-21 मध्ये शील्ड आणि करंडक दोन्ही मिळाले. त्यांच्यानंतर डेस बकिंगहॅम आणि पेटर क्रातकी हे समूहाच्याच मेलबर्नच्या क्लबमधले सहायक आले. फारशी प्रसिद्धी नसलेल्या या दोघांपैकी पहिल्यानं 2022-23 ची शील्ड आणि दुसऱ्यानं 2024 चा करंडक जिंकला. हे सारं पैशाचं बळ, असं कुणी म्हणेल. पैसा होताच, पण पैशानं खेळाडू येतात. तीन प्रशिक्षक बदलूनही खेळ तोच राहिला, याचं कारण खेळ कसा खेळायचा हे क्लबनं आधी ठरवलं आणि माणूस नंतर शोधला.

राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदासाठी 2025 साली 170 अर्ज आले होते. त्यांत शावी आणि ग्वार्दिओला या जगप्रसिद्ध प्रशिक्षकांच्या नावांचेही अर्ज होते, ते बनावट निघाले. नेमणूक खालिद जमील यांची झाली. पण आशियाई चषकाच्या पात्रतेची वाट आधीच अवघड झाली होती, आणि गोव्यातल्या फातोर्ड्याला सिंगापूरकडून झालेल्या पराभवानं ती बंद झाली. चांगला माणूस निवडला तरी त्याच्या हाती काय देतो, हा प्रश्न सुटत नाही. कोल्हापूरची फुटबॉल खेळणारी तालीम असो, पाचगणीची शाळा असो की सुपर लीगचा क्लब असो, उमेदवाराला पहिला प्रश्न विचारण्याआधी एका कागदावर लिहावं : आपल्याकडे खेळाडू कोणते, पैसा किती, आणि किती पराभव सोसायची आपली तयारी आहे. त्या कागदाशी उमेदवार ताडून बघावा. शेतकरीही रोपाचे पैसे मोजण्याआधी वावरात वाकून मूठभर माती हातात घेतोच.