हांकेला ओ न देणारें मूल

अडीच वर्षांचें मूल बैठकीच्या खोलींत खेळण्यांतली मोटार उलटी करून तिचें चाक फिरवीत बसलें आहे. आई स्वयंपाकघरांतून हांक मारते. एकदां, दोनदां, तीनदां. मूल मान वळवीत नाहीं. इतक्यांत बिस्किटाच्या पुड्याचा कागद चुरचुरतो, आणि तेंच मूल धांवत येतें! म्हणजे कान शाबूत आहेत, असें घरांतील सर्वांस वाटतें. आजी म्हणते, “अगं, त्याचा बाप तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. आतां बघ, गप्प बसवावा लागतो!” घरांत हंशा पिकतो आणि आईच्या मनांतील प्रश्न त्या हंशांत विरून जातो, रात्रीं मात्र तो पुन्हां उभा राहतो.

आजीचें म्हणणें सर्वस्वीं खोटें नव्हे. उशिरां बोलणारीं कांहीं मुलें पुढें इतरांस आपोआप गांठतात. परंतु बोलावयास उशीर लागणें निराळें, आणि दुसऱ्याला कांहीं सांगावें अशी ओढच न दिसणें निराळें. शब्द न फुटलेलें मूलदेखील बोटानें चंद्र दाखवितें आणि आईनें तो पाहिला कीं नाहीं हें तिच्या तोंडाकडे पाहून पडताळतें. वर्षाचें झालें तरी बोट दाखवीत नाहीं, सोळा महिन्यांचें झालें तरी एकही शब्द नाहीं, दोन वर्षांचें झालें तरी दोन शब्द स्वतः होऊन जोडीत नाहीं, किंवा कोणत्याही वयांत आलेले शब्द गेले, तर वाट पाहूं नये असें बालवैद्य सांगतात. आजीच्या अनुभवाचा मान राखूनही डॉक्टरांकडे जातां येतें.

पहिली परीक्षा कानांची. बिस्किटाचा कागद ऐकूं आला एवढ्यावरून कानांस निर्दोष ठरविणें बरोबर नाहीं, कारण कांहीं स्वर ऐकूं येऊन कांहीं न येणें शक्य असतें. मूल झोपलें असतां डोक्यास तारा लावून ही परीक्षा करतां येते. त्यासाठीं त्याच्या सहकार्याचीही गरज नसते. मुंबईंत वांद्रें येथें 1983 सालीं स्थापन झालेली अली यावर जंग संस्था याच विषयास वाहिलेली आहे.

कान निर्दोष ठरले आणि इतर लक्षणें जुळलीं, तर ‘ऑटिझम’ अथवा ‘स्वमग्नता’ हा शब्द उच्चारला जातो. बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनीं 1943 सालीं अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून या अवस्थेस वैद्यकांत स्वतंत्र स्थान मिळालें. पुढें कित्येक वर्षें आईच्या कोरडेपणामुळें मूल असें होतें, असा क्रूर समज विद्वानांतही रूढ होता. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानें 1964 सालीं ग्रंथ लिहून तो खोडून काढला. रिमलंड स्वतः अशा एका मुलाचे वडील होते. आज ही अवस्था मेंदूच्या जडणघडणींतील असून तींत आनुवंशिकतेचा वांटा मोठा आहे हें निश्चित झालें आहे. तथापि सुनेकडे वळणारीं नातलगांचीं बोटें अजून खालीं आलेलीं नाहींत.

निदानानंतर घरावर उपचारांच्या नांवांचा पाऊस पडतो. त्यांतलें एक नांव फसवें आहे: ऑक्युपेशनल थेरपी, अर्थात् व्यवसायोपचार. तीन वर्षांच्या मुलाला कसला व्यवसाय, असें कोणीही विचारील. खेळणें, जेवणें, सदरा घालणें, झोंपाळ्यावर बसणें हाच मुलाचा व्यवसाय, आणि त्यांत अडणाऱ्या शरीरास व इंद्रियांस वाट काढून देणें हें त्या शास्त्राचें काम. हिंदुस्थानांत या शास्त्राची पहिली शाळा मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत 1950 सालीं सुरू झाली, ती कमलाबाई निंबकर यांच्या खटपटीनें. जन्मानें अमेरिकन आणि विवाहानें निंबकर झालेल्या या बाईंचें नांव आज त्या शास्त्राच्या विद्यार्थ्यांबाहेर फारसें कोणास ठाऊक नाहीं, ही खेदाची गोष्ट आहे.

वाचोपचारासंबंधीं घरांत दोन भ्रम आढळतात. मेणबत्त्या विझविल्यानें आणि शिट्या वाजविल्यानें भाषा येते, हा पहिला. भाषा देवघेवीनें येते, फुंकरीनें नव्हे. चित्रांची वही हातीं दिली तर मूल बोलण्याचा आळस करील, हा दुसरा. प्रत्यक्षांत ज्या मुलास ‘पाणी’ हें चित्रानें मागतां येऊं लागतें, त्याचा आक्रोश पुष्कळदां कमी होतो, आणि वहीमुळें बोलणें खुंटल्याचा पुरावा नाहीं. याच्या जोडीस तिसरा एक सल्ला शहरांत सर्रास ऐकूं येतो: घरांत मराठी बंद करा, केवळ इंग्रजी बोला. दोन भाषांमुळें या मुलांचें बोलणें मागें पडतें असें संशोधनांत दिसून आलेलें नाहीं. उलट ज्या भाषेंत आजी अंगाईगीत म्हणते तीच तोडली, तर आधींच थोडें बोलणाऱ्या मुलाशीं बोलणारीं माणसें आणखी कमी होतात.

लॉस एंजेलिस येथील लोव्हास यांनीं 1987 सालीं आठवड्यास चाळीस तासांच्या वर्तनशिक्षणाचा वृत्तांत दिला. एकोणीस मुलांपैकीं नऊ मुलें सर्वसाधारण शाळेंत इतरांप्रमाणें शिकूं लागलीं असें त्यांचें म्हणणें होतें. त्या आंकड्यानें जगभरच्या मातापितरांस आशा दिली आणि धापही लावली. त्या काळच्या पद्धतींत शिक्षेसही जागा होती. ती आज त्याज्य मानतात, आणि शिक्षण खेळांतून देण्याकडे कल वाढला आहे. चाळीस तासांची फी भरतां आली नाहीं म्हणून आपण मुलाचें वाटोळें केलें, असें कोणत्याही बापानें मानण्याचें कारण नाहीं.

याविषयीं गोव्यांत झालेला एक प्रयोग विशेष लक्षांत ठेवण्यासारखा आहे. मँचेस्टरच्या संशोधकांनीं सिद्ध केलेली एक पद्धति गोव्यांतील ‘संगाथ’ संस्थेनें आणि पाकिस्तानांतील रावळपिंडीच्या सहकाऱ्यांनीं आपल्याकडील घरांस जुळेल अशी करून घेतली. दोहों ठिकाणीं मिळून दोन ते नऊ वर्षें वयाचीं पांसष्ट मुलें निवडलीं. घरोघर जाणारे कार्यकर्ते तज्ज्ञ नव्हते; त्यांस या कामापुरतें शिक्षण दिलें होतें. आई अथवा बाप मुलाशीं कांहीं वेळ खेळे, त्याचें चित्रण होई, आणि मग कार्यकर्ता व पालक तें शेजारीं बसून पाहत. येथें तुम्ही थांबलांत आणि त्यानें तुमच्याकडे पाहिलें. येथें तो चाक फिरवीत होता आणि तुम्हीही ‘गरगर’ म्हणालांत, असे क्षण शोधून दाखविण्यावर भर असे. अशा बारा भेटी. 1916 नव्हे, 2016 सालचीच ही गोष्ट. परंतु तींतील साधेपणा जुन्या काळचा वाटावा असा आहे. निष्कर्ष असा निघाला कीं, पालक मुलाच्या कलानें अधिक वागूं लागले आणि मुलें स्वतः होऊन अधिक वेळां संवाद सुरू करूं लागलीं. एका गोष्टींत मात्र उलट घडलें: दोघांचें लक्ष एकाच वस्तूवर खिळण्याचा काळ घटला. संशोधकांनीं तेंही छापलें, आणि त्यामुळेंच त्यांच्या इतर शब्दांवर विश्वास बसतो.

बाजारांतील उपचारांस असा प्रामाणिकपणा परवडत नाहीं. अमेरिकेंत एके काळीं ‘सिक्रेटिन’ या द्रव्याच्या सुईची मोठी चलती होती. 1999 सालीं साठ मुलें घेऊन तिची कसोटी लाविली. निम्म्यांस औषध, निम्म्यांस मिठाचें पाणी. दोन्ही गटांत थोडी सुधारणा दिसली आणि ती सारखीच होती. हें कळल्यावरही शंभरांतले एकोणसत्तर पालक त्या औषधाविषयीं उत्सुकच राहिले. त्यांस हंसणें सोपें आहे. ज्यांच्या घरीं असें मूल आहे ते हंसणार नाहींत. आपल्याकडे आज ती जागा मूलपेशींच्या सुईनें घेतली आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2017 सालच्या नियमांप्रमाणें रक्ताच्या कांहीं ठराविक विकारांखेरीज असा उपयोग केवळ संमत प्रयोगांतच करतां येतो; अशा प्रयोगांत पालकांकडून पैसे घेणाऱ्याकडे पाठ फिरवावी हें उत्तम.

सरकारी वाटाही आहेत. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत जिल्ह्याच्या ठिकाणीं शीघ्र उपचार केंद्रांची योजना आहे, आणि 2016 च्या दिव्यांग कायद्यांत स्वमग्नतेचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रमाणपत्रासाठीं खेटे घालावे लागतात, परंतु ते घालावे.

त्या बैठकीच्या खोलींत एके संध्याकाळीं बाप कचेरींतून येऊन जमिनीवर बसतो. हांक मारीत नाहीं. दुसरी एक मोटार घेऊन, उलटी करून, तिचें चाक फिरवितो आणि थांबतो. मूल बराच वेळ आपल्याच चाकाकडे पाहत राहतें. मग बापाच्या हातांतली मोटार ओढून घेतें, तिचें चाक एकदां फिरवितें आणि ती परत त्याच्या हातांत ठेवितें. आजी पानें वाढण्यासाठीं हांक मारते. कोणीच उठत नाहीं.