जाहीरनाम्याचा मुहूर्त



नागपूर-हैदराबाद रस्त्यावरील आमचे हे पांढरकवडा कापसाच्या मुलखातले तालुक्याचे गाव; राजधान्यांचे वैभव येथे नाही, आणि निवासभोजनाच्या व्यवस्थेत ज्या उणिवा राहिल्या असतील त्या आपण पोटात घालाल, या भरवशावरच स्वागतसमितीने आपणांस या परिषदेस पाचारण केले आहे.

अब्राहम लिंकन यांच्या राजकारणाचा विचार करावयास हेच गाव का, असे कित्येकांनी विचारले. उत्तर आमच्या काळ्या जमिनीत आहे. १८६१ च्या एप्रिलात अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना रुई मिळेनाशी झाली आणि १८५३ पासून इंग्रजी अंमलाखाली असलेल्या वऱ्हाडच्या कापसाला चढता भाव आला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळला, आणि नागपुरापर्यंत आगगाडी पोहोचली ती १८६७ साली, तेजी ओसरल्यावर!

लिंकन यांनी ४ मार्च १८६१ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची सूत्रे स्वीकारली तेव्हा सात राज्ये फुटून निघाली होती. पुढे आणखी चार निघाली. संघराज्य अभंग आहे असे पहिल्याच भाषणात बजावणाऱ्या या पुरुषाने, जेथे गुलामगिरी आहे तेथे तिला हात लावण्याचा आपला इरादा नाही, असेही त्याच भाषणात सांगितले. हा भित्रेपणा नव्हता. केंटकी, मिसूरी, मेरीलँड व डेलावेअर ही गुलाम बाळगणारी, तरीही एकनिष्ठ राहिलेली राज्ये हातची गेली असती तर संघराज्यच उरले नसते. १८६२ च्या जुलैत मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यांनी मंत्रिमंडळापुढे वाचला. रणांगणावर यश नसताना तो काढल्यास पराभूत सरकारची अखेरची धडपड दिसेल, असा सल्ला परराष्ट्रमंत्री सेवर्ड यांनी दिला, आणि लिंकन यांनी तो मसुदा दप्तरात ठेवला. अँटिटमच्या लढाईत ते यश पदरी पडल्यावर, २२ सप्टेंबरला, तो प्रसिद्ध झाला आणि १ जानेवारी १८६३ पासून अमलात आला. तोही केवळ बंडखोर मुलखापुरता, कारण युद्धकालीन सरसेनापती म्हणून त्यांची मुखत्यारी तेवढ्यापुरतीच चालत होती. उरलेल्या गुलामांसाठी राज्यघटनाच बदलावी लागली.

या संयमाची थोरवी मी मानतो. परंतु विलंबाची किंमत अध्यक्षांनी नव्हे, शेतात राबणाऱ्या गुलामांनी मोजली, हे चरित्रकार फार हळू आवाजात सांगतात. आणि ते गुलाम हात जोडून बसलेही नव्हते: मळे सोडून ते उत्तरेच्या छावण्यांत येत राहिले, पुढे सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक सैन्यात दाखल झाले, आणि अध्यक्षांचा मुहूर्त जवळ आणण्यात त्यांच्या पावलांचाही वाटा होता.

आमच्याकडे त्या युद्धाची आठवण पुष्कळ काळ भावाच्या चढउतारापुरतीच राहिली. पुण्यात मात्र जोतीराव फुले यांनी त्यातला दुसरा अर्थ पाहिला आणि १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सज्जन लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल, अर्पण केला. अर्पण लोकांना आहे, अध्यक्षांना नाही. नेत्याच्या कर्तृत्वाचे माप घेताना फुल्यांची ही निवड आपण कशी वाचावी, या प्रश्नाचा ऊहापोह विद्वान वक्त्यांनी येथे करावा, अशी स्वागतसमितीची इच्छा आहे.

आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करून, अध्यक्षमहाराजांनी आता स्थानापन्न होऊन परिषदेचे कामकाज सुरू करावे, अशी मी त्यांना विनंती करतो.