पत्ता मराठीत लिहिला, आणि…

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



आत्ता माझी ओळख ‘संगणकातला तज्ज्ञ’ अशी करून दिली गेली, तेव्हा मागच्या रांगेत कोण हसलं आणि का हसलं, ते मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी प्रयोगशाळेच्या निधीसाठी मी आपल्या ग्रुपवर लिंक टाकली. दहा मिनिटांत आपल्यातल्याच एकाने लिहिलं, ‘कोणीही उघडू नका, फ्रॉड आहे.’ पुढचे चार दिवस एक रुपयाही जमा झाला नाही. समिती म्हणाली, आता तूच उभा राहून काय झालं ते सांग. म्हणून उभा आहे.

हौस माझीच होती. आपली शाळा मराठी, तर तिच्या संकेतस्थळाचा पत्ताही मराठीत हवा. शाळेचं नाव, टिंब, भारत. ऑगस्ट २०१४पासून देवनागरीत ‘.भारत’ घेता येतं. मी ते घेतलं, पानं चढवली, ब्राउझरमध्ये उघडून पाहिलं. वरच्या पट्टीत शाळेचं नाव स्वच्छ मराठीत. खरं सांगतो, फाटकावरची पाटी आठवली. मग तो पत्ता तिथून कॉपी केला आणि ग्रुपवर चिकटवला. चिकटवताना पाहिलं नाही, ही माझी चूक. तिथे मराठीचं एक अक्षर नव्हतं. एक्स, एन, दोन आडव्या रेघा आणि पुढे इंग्रजी अक्षरं-आकड्यांची खिचडी.

ही खिचडी येते कुठून? इंटरनेटवर पत्ते शोधणारी यंत्रणा जुनी आहे. तिला पत्त्यात ए ते झेड, दहा आकडे आणि आडवी रेघ एवढंच चालतं. ती जगभर बदलायची म्हणजे चालत्या गाडीची चाकं बदलण्यासारखं. म्हणून २००३ साली एक तोडगा ठरला, त्याचं नाव प्युनिकोड. माणसाने आपल्या लिपीत लिहायचं, ब्राउझरने आतल्या आत त्याचं इंग्रजी अक्षरांत रूपांतर करायचं आणि तेच पुढे पाठवायचं. ‘भारत’ हा शब्द प्रवासाला निघतो तेव्हा त्याचं नाव असतं एक्स-एन-रेघ-रेघ-एच-दोन-बी-आर-जे-नऊ-सी. ते आपल्याला दिसू नये अशीच कल्पना होती.

पण कधीकधी ते मुद्दाम दाखवलं जातं, आणि त्याला कारण आहे. रशियन लिपीतला ‘अ’ आणि इंग्रजी ‘ए’ पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात. संगणकासाठी मात्र ती दोन वेगळी अक्षरं आहेत. इस्रायलमधल्या गॅब्रिलोविच आणि गॉन्टमाखर या दोघांनी २००२ सालीच मायक्रोसॉफ्टच्या नावात दोन अक्षरं रशियन घालून तसा पत्ता रीतसर नोंदवून दाखवला होता. २००५ साली एका परिषदेत हाच प्रकार पेपॅलच्या नावाने करून दाखवला गेला. फायरफॉक्स, ऑपेरा, सफारी, सगळे फसले. फसला नाही तो त्या वेळचा इंटरनेट एक्सप्लोरर, कारण त्याला दुसऱ्या लिपीतले पत्ते कळतच नव्हते. वर्गात झोपलेल्या मुलाचं उत्तर चुकत नाही, तसं.

त्यानंतर ब्राउझरांनी नियम केले. एका शब्दात रशियन आणि इंग्रजी अक्षरांची सरमिसळ दिसली की मूळ खिचडीच दाखवायची. म्हणजे वाचणारा सावध होईल. बराच काळ हे पुरलं. मग एप्रिल २०१७मध्ये शुडाँग झेंग नावाच्या संशोधकाने ‘ॲपल’ हा अख्खा शब्दच रशियन लिपीतल्या अक्षरांनी लिहिला. सरमिसळ नाहीच, त्यामुळे नियम मोडला नाही आणि क्रोम, फायरफॉक्समध्ये पत्ता अगदी ॲपलचा दिसला. क्रोमने लगेच ५८व्या आवृत्तीत दुरुस्ती केली. फायरफॉक्सवाल्यांनी वेगळी भूमिका घेतली. त्यांचं म्हणणं, सगळ्या लिपी समान आहेत, इंग्रजीच्या सोयीसाठी रशियन माणसाला त्याचं नाव वाकडं का दाखवायचं? अशी नावं नोंदवून घेणाऱ्यांनीच आवर घालावा. त्या वेळी मी फायरफॉक्सवाल्यांवर वैतागलो होतो. आता तेवढा वैतागत नाही.

कारण या भांडणात गरीब बिचाऱ्याचं काय होतं पाहा. बल्गेरियाला आपल्या लिपीत देशाचं दोन अक्षरी नाव हवं होतं. २०१०मध्ये त्यांना नकार मिळाला. का, तर ते ब्राझीलच्या ‘बीआर’सारखं दिसतं! पुढे फेरविचार होऊन ते मिळालं, पण मध्ये काही वर्षं गेली. आपलंही तसंच. क्रोम २०१६पर्यंत तुमच्या सेटिंगमध्ये कोणत्या भाषा आहेत ते पाहून ठरवायचा. मराठी, हिंदी निवडलेली नसेल तर मराठी पत्ता खिचडीत. आणि आपल्यापैकी किती जणांनी फोनची भाषा इंग्रजी ठेवली आहे, हात वर करा… बघा.

आता बाई समोर बसल्या आहेत म्हणून त्यांच्या विषयाकडे येतो. बाई, तुम्ही माझ्या वहीतल्या ‘ख’ला लाल गोल करून लिहायचात, ‘र आणि व वेगळे की एकत्र?’ मी ‘खा’ लिहायचो, तुम्ही ‘रवा’ वाचायचात. तेव्हा मला तो छळ वाटायचा. पुढे कळलं की देवनागरीत पत्ते द्यायचे नियम बसवताना जाणत्या लोकांना याच प्रश्नावर डोकं चालवावं लागतं. रशियन-इंग्रजीची गरज नाही, आपली लिपी स्वतःतच पुरेशी आहे. ‘ॲ’ हे अक्षर एकसंध टाइप करता येतं, किंवा ‘अ’ लिहून वर चंद्र देता येतो. दिसायला एकच, संगणकाला दोन. ‘डॉक्टर’चा ‘डॉ’ काही जण एका कळेने करतात, काही जण काना देऊन त्यावर चंद्र ठेवतात. तेही दोन वेगळे शब्द झाले. ‘मंदिर’ अनुस्वाराने लिहा की अर्ध्या ‘न’ने, आपल्याला फरक पडत नाही, पत्त्याला पडतो. आपल्या शाळेच्या नावात ‘विद्यामंदिर’ आहे. म्हणून मी दोन्ही रूपं विकत घेतली. खजिनदारांनी विचारलं होतं की एकाच शाळेचे दोनदा पैसे कसे, त्याचं हे उत्तर.

सगळ्यांत मजेदार गोष्ट आपल्या मराठीची खास. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. हा दुसरा, आडवा अर्धा ‘र’ पूर्वी पुष्कळ जण एक अदृश्य जोडचिन्ह घालून टाइप करायचे. २००३चे नियम असं अदृश्य काही दिसलं की गाळून टाकायचे. म्हणजे तुम्ही सह्याद्रीच्या दऱ्यांचा पत्ता लिहिलात की तो थेट समुद्रात! २०१०मध्ये नवे नियम आले, त्यात ते चिन्ह हलन्तानंतर चालतं, पण सगळ्या ब्राउझरांच्या ते अंगवळणी पडायला आणखी बरीच वर्षं लागली. आजही मी कोणी विचारलं तर सांगतो, खाली टिंब असलेला ‘ऱ’ वापरून लिहा, अदृश्याच्या भानगडीत पडू नका.

तर, परत त्या चार दिवसांकडे. ज्याने ‘फ्रॉड’ लिहिलं तो माझ्याच बाकावरचा. मला राग आला होता, फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “अरे, महिन्यापूर्वी माझे चाळीस हजार गेले. मी घरी अजून सांगितलेलं नाही.” आज त्याची परवानगी घेऊन सांगतो आहे. बँकेच्या नावाने लिंक आली होती. त्यात रशियन काही नव्हतं, साधं इंग्रजी. सुरुवातीला बँकेचं नाव, टिंब, आणि त्यानंतर भलत्याच कोणाचं तरी नाव. त्याने डावीकडून वाचलं, बँक दिसली, थांबला. पत्त्याचा मालक उजवीकडे असतो. सुरुवातीच्या जोडीने येणाऱ्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधा, तिच्या आधीचे शेवटचे दोन शब्द वाचा. शेवट ‘को’ आणि ‘इन’सारखा दुहेरी असेल तर तीन. आणि ते कुलपाचं चिन्ह? त्याने कुलूपही पाहिलं होतं. कुलूप एवढंच सांगतं की मधल्या वाटेत कोणी ऐकत नाही. दाराशी चोरच बसला असेल तर त्याच्याशीसुद्धा तुमचं बोलणं सुरक्षित होतं! लोकांचा हा गैरसमज जाईना, म्हणून क्रोमने २०२३मध्ये ते चिन्हच काढून टाकलं.

अशा माणसाला मी खिचडी पाठवली होती आणि वर विश्वास ठेव म्हणत होतो. ब्राउझरने ज्याला सावध करायला ती खिचडी दाखवायची, तो सावध झाला होता. चूक त्याची नव्हतीच.

मग आम्ही असं केलं. पावतीवर, पत्रकावर मराठी पत्ता छापला, त्याखाली साध्या इंग्रजी अक्षरांतला. दोन्ही एकाच जागी पोचतात. ग्रुपवर फक्त इंग्रजीतला जातो, आणि तो मी किंवा खजिनदारच टाकतो. शंका आली तर फोन करायचा, आम्ही पत्ता वाचून दाखवतो. पाचव्या दिवशी पहिला फोन त्याचाच आला. अक्षर न् अक्षर माझ्याकडून म्हणून घेतलं, बाईंच्या शुद्धलेखनाच्या तासासारखं, आणि मग पैसे भरले.

शेवटचं एक काम आहे. पत्ता कायमचा विकत मिळत नाही, भाड्याने मिळतो. नूतनीकरण चुकलं तर आपल्या शाळेचं नाव उद्या कोणीही घेऊ शकतो, मग कोणतंही ब्राउझर काही सांगणार नाही, कारण पत्ता खराच असेल. तारीख मी माझ्या आणि खजिनदारांच्या वहीत लिहिली आहे. तिसरी वही कोणाची, ते चहाच्या आधी ठरवून टाकू.