बँडवाल्याचे दुसरे वाद्य
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



संगीताचे शास्त्र मला कळत नाही. परंतु बँडवाल्यांच्या घरांना लागूनच माझे घर असल्यामुळे त्यांचे वर्ष कसे जाते, ते मी रोज पाहते. तुळशीचे लग्न लागले की सुपाऱ्या येऊ लागतात आणि आषाढी एकादशी आली की ट्रंपेट खुंटीला लागते. मग पोळा, गणपती आणि आपल्या यवतमाळचा दुर्गोत्सव, एवढेच काय ते कमाईचे दिवस. बाकी पावसाळा घर चालते ते बाईच्या निंदणाच्या मजुरीवर. त्यातून आता वरातीपुढे धुमाल आणि डी.जे. आले आहेत. प्रश्न घरखर्चाचा आहे, म्हणून तो आपल्यापुढे मांडते.

यावर उपाय म्हणजे दुसरे वाद्य. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवीत आणि व्हायोलिन हाती देत. फ्रँक फर्नांड ट्रंपेट वाजवीत तसे व्हायोलिनही वाजवीत. ख्रिस पेरी यांना ट्रंपेट आणि सॅक्सोफोन दोन्ही अवगत होते. कलकत्त्याचे मनोहारी सिंग बासरी आणि क्लॅरिनेट वाजवीत, तरी १९६९ च्या 'आराधना' चित्रपटातला त्यांचा सॅक्सोफोनच लोकांच्या कानात राहिला. एकाला जागा नसली तर दुसऱ्याला मिळे.

पण आपल्याकडच्या ट्रंपेटवाल्याने शिकावे काय? सोपे म्हणाल तर युफोनियम. त्यालाही बहुधा तीनच कळा, बोटे तीच; फक्त तोंडाचा भाग मोठा, म्हणून ओठ नव्याने बसवावे लागतात. मात्र त्याने वरात तीच राहते. गैरहजर माणसाची जागा भरता येते, इतकेच. क्लॅरिनेटला जिभाळीची पट्टी आणि बोटांची सारी मांडणी वेगळी, त्यात दोन वर्षे सहज जातात.

माझ्या मते पेटी बरी. श्रावणात भजन आहे, हरिनाम सप्ताह आहे, शाळेतल्या मुलांची गाणी आहेत. तेथे ट्रंपेटला कोण बोलावणार? आणि ट्रंपेटवाल्याचा कान तयार असतो. त्याने एकही कळ न दाबता 'सा' काढला, तर तो पेटीच्या काळी पाचला मिळतो; तेथून त्याने आपली ओळखीची गाणी बोटांनी शोधावीत. पेटी आली की बँडच्या गाडीवरचा कीबोर्डही फार दूर राहत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती पुरुष मंडळी बोलत नाहीत. ट्रंपेट दातांच्या आधारावर वाजते. पुढचे दोन दात गेले की पन्नाशीतला चांगला वादक घरी बसतो. पेटीला दात लागत नाहीत!

जुने वस्ताद म्हणतात, 'एक ना धड भाराभर चिंध्या'. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. लगीनसराईत दुसऱ्या वाद्याचा नाद करू नये. पण चार महिने ट्रंपेट खुंटीलाच असते, तेव्हा कोणते वाद्य बिघडणार आहे? आणि पेटी घरात वाजू लागली की मुलीही बसतात. ट्रंपेट आजवर किती मुलींच्या हाती दिली गेली, हे आपण जाणतोच.

आता मुद्द्याचे. आपल्या मंडळाची पेटी गुरुवारच्या भजनाखेरीज कपाटात बंद असते. ती पावसाळ्याचे चार महिने, मंगळवारी आणि शनिवारी दुपारी, या घरांतील माणसांना येथेच बसून वाजवू द्यावी. पेटी बाहेर न्यायची नाही, किल्ली आपल्या चिटणीसबाईंकडे राहील. भाता फाटल्यास दुरुस्तीचा खर्च निम्मा त्यांचा, निम्मा आपला. त्यांच्या घरच्या दोघीतिघी आज येथे मागे बसल्या आहेत, त्यांनाही हे मान्य आहे. ज्या भगिनींची हरकत असेल त्यांनी चहाच्या आधीच सांगावे, म्हणजे ठराव आजच लिहिता येईल.