घाम एक, औषधें दोन



निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत, लासलगांवच्या कांद्याच्या शेतांत किंवा सुरगाण्याकडील भातखाचरांत राबणाऱ्या मनुष्याला दोन विषांचें भय असतें. एक, पंपांतून फवारावयाच्या कीटकनाशकाचें; दुसरें, दगडाखालीं दडलेल्या विंचवाचें. कीटकनाशक अंगांत भिनलेला मनुष्य आणि लाल विंचवाचा दंश झालेला मनुष्य असे दोघे रुग्णालयांत शेजारीं शेजारीं निजविले, तर पाहणाराला प्रारंभीं ते सारखेच भासतील. दोघांनाही दरदरून घाम सुटलेला, दोघांच्याही तोंडांतून लाळ गळत असलेली, दोघांनाही वांत्या होत असलेल्या. परंतु यांपैकीं एकाला जें औषध मृत्यूच्या दारांतून परत आणतें, तेंच दुसऱ्याला दिलें असतां त्याच्या हृदयावर नवें संकट ओढवूं शकतें. असें कां व्हावें, याचाच विचार आज आपणांस करावयाचा आहे.

हात उचलावा असें मनांत आलें म्हणजे आपण तो उचलतों. पण हृदयाचे ठोके, आंतड्यांची हालचाल, डोळ्यांतील बाहुलीचें लहान-मोठें होणें हा कारभार आपल्या आज्ञेची वाट पाहत नाहीं. तो चालविणाऱ्या मज्जातंतूंच्या व्यवस्थेला केंब्रिजचे शास्त्रज्ञ लँग्ली यांनीं १८९८ सालीं जें नांव दिलें, त्याला आपण मराठींत ‘स्वायत्त मज्जासंस्था’ म्हणतों. तिचे दोन पक्ष आहेत. अनुकंपी पक्ष हा गाडीवानाच्या हातांतील चाबकासारखा आहे. संकट दिसतांच तो हृदयाचा वेग वाढवितो, रक्तवाहिन्या आवळतो, बाहुल्या विस्फारतो. परानुकंपी पक्ष हा कासऱ्यासारखा आहे. तो हृदयाला आवरतो, बाहुल्या आकुंचित करतो, लाळ व पाचकरस वाहते ठेवतो. प्रकृति निरोगी असणें म्हणजे चाबूक आणि कासरा या दोहोंचा मेळ असणें.

हे मज्जातंतु आपला निरोप पोंचवितात कसा? १९२१ सालीं ऑटो लोवी यांनीं बेडकाचीं दोन हृदयें घेतलीं. एकाच्या कासऱ्याच्या मज्जातंतूला चेतना देतांच तें मंदावलें. मग त्याच्या भोंवतालचा द्रव त्यांनीं दुसऱ्या हृदयाला दिला, तों तेंही मंदावलें. वस्तुतः त्याच्या मज्जातंतूला कोणीं स्पर्शही केला नव्हता. अर्थात् निरोप नेणारें एखादें रासायनिक द्रव्य त्या द्रवांत होतें. तें द्रव्य अॅसिटिलकोलिन होय, हें पुढें सिद्ध झालें, व १९३६ सालीं लोवी आणि हेन्री डेल यांना नोबेल पारितोषिक मिळालें. चाबकाच्या बाजूचें मुख्य द्रव्य नॉरअॅड्रेनॅलिन. पेशींवर या द्रव्यांचे जणूं काय ठरलेले दरवाजे असतात. त्यांना ग्राही म्हणतात. कांहीं औषधें ते दरवाजे उघडतात, कांहीं अडवून धरतात. स्वायत्त मज्जासंस्थेवरील पुष्कळशा औषधांचें मर्म इतकेंच आहे.

आतां आपल्या पहिल्या रुग्णाकडे वळूं. अॅसिटिलकोलिनचें काम होतांच तें मोडून टाकणारें एक विकर शरीरांत असतें. सेंद्रिय फॉस्फरस वर्गाचीं कीटकनाशकें या विकरालाच निकामी करतात. मग निरोप संपतच नाहीं. घामाच्या ग्रंथींनाही हेंच द्रव्य चालना देत असल्यानें घाम व लाळ यांना खळ राहत नाहीं, बाहुल्या टांचणीच्या टोंकाएवढ्या होतात, श्वासनलिका स्रावांनीं भरून जातात. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसाहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. त्या वेळीं वापरांत असलेल्या कीटकनाशकांत या वर्गाचींही होतीं.

यावर उतारा अॅट्रोपिनचा. शंकराला आपण जो धोतरा वाहतों, त्यांत हेंच द्रव्य व त्याचीं भावंडें असतात. धोतरा पोटांत गेलेल्या मनुष्याचें तोंड कोरडें पडतें, बाहुल्या विस्फारतात, अंग तापतें व तो बरळूं लागतो. कीटकनाशकाच्या लक्षणांचें हें जणूं उलटें चित्रच होय. अॅट्रोपिन अॅसिटिलकोलिनचे दरवाजे अडवितें आणि फुप्फुसें कोरडीं होईपर्यंत डॉक्टर तें देत राहतात. तथापि स्नायूंवरील दरवाजे निराळे असल्यामुळें तेथें त्याचा उपयोग होत नाहीं. श्वासाचे स्नायू थकले तर यंत्रानेंच श्वास द्यावा लागतो. धोतऱ्यांत औषधी द्रव्य आहे म्हणून घरीं धोतरा वांटून पाजणें हा मात्र उपचार नव्हे, तो दुसऱ्या विषाचा प्रयोग होय.

दुसऱ्या रुग्णाची कथा वेगळी आहे. लाल विंचवाचें विष मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग लवकर बंद होऊं देत नाहीं, त्यामुळें चाबूक व कासरा दोन्ही एकदम खेंचले जातात. प्रथम घाम, लाळ, वांत्या दिसतात. पण थोड्याच वेळांत चाबकाची सरशी होते. हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतें आणि फुप्फुसांत पाणी भरतें. अशा वेळीं घाम पाहून अॅट्रोपिन दिलें, तर उरलासुरला कासराही सुटतो व हृदय अधिकच उधळतें.

हें कोडें रायगड जिल्ह्यांतील महाडच्या परिसरांत रुग्णांच्या उशाशीं बसून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं उकललें. १९७६ च्या सुमारास ते तेथील बिरवाडीच्या सरकारी आरोग्यकेंद्रांत रुजू झाले. विंचूदंशाच्या रुग्णांचीं लक्षणें त्यांनीं टिपून ठेविलीं व १९८२ सालीं तीं ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकांत मांडलीं. पुढें रक्तदाबावर वापरलें जाणारें प्राझोसिन हें औषध त्यांनीं योजिलें. तें रक्तवाहिन्या आवळणारे चाबकाचे दरवाजे अडवितें. वाहिन्या सैल होतात आणि हृदयावरील ओझें उतरतें. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनीं हे निष्कर्ष १९८६ सालीं त्याच नियतकालिकांत प्रसिद्ध केले. गंभीर रुग्णांपैकीं पूर्वीं शेंकडा पंचवीस-तीस दगावत, तें प्रमाण या उपचारानें अगदीं अल्पावर आलें. २०११ सालच्या त्यांच्या अभ्यासांत प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलें असतां रुग्ण अधिक लवकर सुधारतो असें आढळलें. २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. महागडें यंत्र नाहीं, दुर्मिळ द्रव्य नाहीं. एक स्वस्त गोळी, पण कोणता दरवाजा अडवावयाचा हें ओळखून दिलेली.

म्हणून आपणां सर्वांना विनंति अशी. फवारणींत विषबाधा झाली तर कपडे तात्काळ उतरवून अंग साबणानें धुवावें, उलटी करवूं नये, आणि औषधाची बाटली वेष्टनासह डॉक्टरांकडे न्यावी. त्या वेष्टनावरील नांवावर उपचार अवलंबून असतो. विंचू चावल्यास मंत्र-मुळ्यांत वेळ दवडूं नये. नुसती वेदना असणें ही आशेचीच खूण असते. पण घाम, वांत्या व गार हातपाय दिसले तर घटकाभराचाही विलंब करूं नये. प्राझोसिननें रक्तदाब उतरत असल्यामुळें रुग्णाला निजवूनच ठेवावें लागतें. म्हणून त्याची गोळीही डॉक्टरांच्याच हातून घ्यावी.

लक्षण डोळ्यांना दिसतें, कारण दिसत नाहीं. घाम पुसणें कोणासही जमतें. तो कोणत्या आज्ञेनें सुटला हें ओळखण्यांत वैद्यकाची खरी कसोटी आहे, आणि ती ओळख पटावी म्हणून झालेली हकीकत अचूक व वेळेवर सांगणें हें आपलें कर्तव्य आहे.