विजेचा दर आणि तिसरा उमेदवार



अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात विजेचे दर मंजूर करणाऱ्या आयोगाचे सभासद लोकांच्या मतांनी निवडले जातात. २००६ साली तेथे दोन बड्या पक्षांबरोबर लिबर्टेरियन नावाच्या तिसऱ्या पक्षाचाही उमेदवार उभा होता. तो पडला, पण कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळेनात, फेरमतदान घ्यावे लागले आणि पहिल्या फेरीत मागे पडलेला गडी निवडून आला!

आपल्याकडे हे पद मतांचे नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोग १९९९ साली स्थापन झाला. त्याचे सभासद निवड समितीच्या शिफारशीवरून सरकार नेमते. मग वाशीकरांनी मुकाट्याने बिल भरावे काय? २००३ च्या वीज कायद्याने एक वाट ठेवली आहे. दर ठरविण्यापूर्वी आयोगाला लोकांच्या हरकती विचारात घ्याव्याच लागतात. वीज कंपनी एक, सरकार दुसरे, तिसरे आपण.

आमची शाळा थोडी झाली. पण मालकांपुढे मागणीपत्रे ठेवता ठेवता कागदाची किंमत कळली. पारावरची तक्रार पारावरच राहते. पुढचा दरवाढीचा प्रस्ताव आला की शेतपंपवाले, गिरणीवाले आणि घरचे बिल भरणाऱ्या आयाबहिणी यांच्या सह्यांची हरकत मुदतीत गेली पाहिजे. मसुदा आम्ही लिहून देऊ. सह्या कोण गोळा करणार, तेवढे आज उठण्यापूर्वी ठरवू.