लाळग्रंथीतल्या जनुकांना कोण जागं करतं?

चिंच नुसती दिसली तरी तोंडाला पाणी सुटतं. हा हुकूम चेतातंतू देतात: 1850च्या सुमारास जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी कुत्र्याच्या लाळग्रंथीकडे जाणारा चेतातंतू उत्तेजित केला, आणि लाळ वाहू लागली.

पण चेतातंतू नुसती तोटी सोडत नाहीत. ग्रंथीत काय तयार व्हावं, हेही ते ठरवतात.

1983 मध्ये अमेरिकी संशोधकांनी उंदरांना टॅनिनचं प्रमाण जास्त असलेली तुरट ज्वारी खाऊ घातली. तीनच दिवसांत कानाजवळच्या लाळग्रंथी मोठ्या झाल्या आणि टॅनिनला बांधून ठेवणारी प्रोलीनयुक्त प्रथिनं कितीतरी पटींनी वाढली. अनुकंपी (सिंपथेटिक) चेतातंतूंच्या संदेशाची नक्कल करणारं आयसोप्रोटेरेनॉल हे औषध टोचलं, तरी हेच घडतं. पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि त्या प्रथिनांची जनुकं कामाला लागतात. प्रोप्रॅनोलॉल या औषधाने हा संदेश झेलणारे पेशींवरचे बीटा-ग्राही अडवले, तर मात्र टॅनिनचा हा परिणाम होत नाही.